पाच शहरं, एकच लांब तिकीट: मुंबईहून युरोपचा स्वस्त मार्ग आखताना

गेल्या डिसेंबरात ठाण्याची मावसबहीण घरी आली ती चौकटींची वही घेऊनच. वहीत शहरांची यादी होती: पॅरिस, प्राग, रोम, इंटरलाकेन, व्हिएन्ना. हा क्रम कुठून आणला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मुलांनी सांगितला तसा लिहिला." चौघांचं कुटुंब, मुलगी नववीत, मुलगा सहा वर्षांचा, मे महिन्याच्या सुट्टीतले सोळा दिवस. प्रत्येक शहरापासून पुढच्या शहराचं विमान तिने वेगवेगळं शोधलं होतं आणि बेरीज बघून सहल रद्द करायच्या बेतात होती.

तिची चूक बहुतेक जण करतात. आपण शहरं जोडत जातो आणि मग शेवटच्या शहरातून मुंबईचं विमान शोधतो. करायचं नेमकं उलटं. आधी युरोपात शिरायचं कुठून आणि बाहेर पडायचं कुठून ही दोन टोकं ठरवायची. मोठा पैसा त्या दोन टोकांत असतो, मधली शहरं नंतर आपोआप रांगेत बसतात.

आधी नकाशा, मग मोबाइल

यादीतली शहरं कागदावर जिथल्या तिथे मांडा. पॅरिस डावीकडे वर, इंटरलाकेन मध्ये, रोम खाली, व्हिएन्ना आणि प्राग उजवीकडे. पेन न उचलता सगळ्यांमधून एक रेघ गेली पाहिजे आणि ती स्वतःला कुठे छेदता कामा नये. बहिणीच्या यादीत पॅरिसहून प्राग, तिथून रोम, मग परत वर इंटरलाकेन अशी रेघ होती, म्हणजे दादरहून ठाण्याला जाताना मध्येच चर्चगेटला जाऊन येण्यासारखं. सरळ केल्यावर रेघ झाली पॅरिस, इंटरलाकेन, रोम, व्हिएन्ना, प्राग.

आता या रेघेतले कोणते तुकडे रेल्वेने होतात ते बघा. पॅरिस ते इंटरलाकेन बासेलवरून रेल्वेने अर्ध्या दिवसात होतं. इंटरलाकेनहून श्पित्स, मिलान करत रोम, हाही एक पूर्ण पण सुंदर दिवस. व्हिएन्ना ते प्राग साधारण चार तास. उरला फक्त रोम ते व्हिएन्ना, तेवढंच विमान. पाच शहरांच्या सहलीत युरोपातल्या युरोपात एकच उड्डाण निघालं, तिच्या वहीत चार होती.

माझा ठोकताळा असा: रेल्वेने पाच तासांच्या आत पोहोचत असू तर विमानाचा भाव बघायचाही नाही. एक तासाच्या उड्डाणासाठी विमानतळावर जाणं, दोन तास आधी पोहोचणं, उतरून पुन्हा शहरात येणं, सगळं धरून पाच तास जातातच. लंडन–पॅरिस युरोस्टार सव्वादोन-अडीच तास, पॅरिस–ॲम्स्टरडॅम सव्वातीन-साडेतीन तास, व्हिएन्ना–बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आसपास. या जोड्यांना विमान म्हणजे निव्वळ दगदग. मात्र रेल्वेची तिकिटंही विमानासारखीच महाग होत जातात, आयत्या वेळी खिडकीवर काढायची नाहीत. त्या त्या देशाच्या रेल्वेच्या साइटवर ती काही महिने आधी खुली होतात आणि स्वस्त कोटा पहिल्यांदा संपतो.

दोन टोकांचं तिकीट

मुंबई–पॅरिस–मुंबई असं परतीचं तिकीट काढलं तर शेवटी प्रागहून पुन्हा पॅरिसला यावं लागतं: एक जास्तीचं विमान, बहुधा एक जास्तीची रात्र, चार माणसांचं सामान. त्याऐवजी जाताना मुंबई–पॅरिस आणि येताना प्राग–मुंबई असं एकच तिकीट निघतं. गूगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर, कायाक किंवा विमान कंपनीच्या साइटवर 'राउंड ट्रिप'च्या शेजारी 'मल्टी-सिटी' असतं, तिथे या दोन ओळी भरायच्या.

दोन वेगळी एकेरी तिकिटं काढून का चालत नाही? कधी कधी चालतं, बघून घ्यावं. पण मोठ्या कंपन्यांचं लांब पल्ल्याचं एकेरी तिकीट पुष्कळदा परतीच्या निम्म्यापेक्षा बरंच महाग पडतं. मल्टी-सिटीत दोन्ही बाजूंना परतीच्या भावाचा अर्धा-अर्धा हिशेब लागतो, म्हणून ते साध्या परतीच्या जवळपास राहतं. दोन्ही ओळी एकाच कंपनीच्या किंवा तिच्या भागीदारांच्या असल्या तरच हा फायदा मिळतो.

आता चौकटींची वही कामाला येते. आडव्या ओळीत निघायच्या पाच तारखा, उभ्या ओळीत टोकांच्या जोड्या. आमच्या जोड्या होत्या चार. पॅरिसला शिरून प्रागहून बाहेर, त्याच्या उलट प्रागला शिरून पॅरिसहून बाहेर. शिवाय रोमहून विमानाने आधी प्रागला गेलं तर शेवट व्हिएन्नाला होतो, म्हणून पॅरिस–व्हिएन्ना आणि तीच उलटी. शहरं तीच, दिवस तेवढेच, पण वीस चौकटींत वीस वेगळे आकडे. हे काम एका बैठकीत उरकायचं, चहाचे दोन कप लागतात. आज पाच चौकटी आणि चार दिवसांनी उरलेल्या, असं केलं तर तुलना फसते, कारण भाव मधल्या काळात हललेले असतात.

मुंबईहून थेट विमानं लंडन, पॅरिस, फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिक, ॲम्स्टरडॅम अशा मोजक्या शहरांना आहेत. प्राग, व्हिएन्ना, रोम, बुडापेस्ट यांना कुठेतरी बदलावं लागतं: दुबई, अबू धाबी, दोहा, इस्तंबूल किंवा युरोपातलंच एखादं मोठं विमानतळ. थेट विमानाला लोक जास्त पैसे मोजतात, म्हणून एक थांबा घेणारी कंपनी भाव पाडते. आखाती कंपन्यांचं बरं असतं, त्या युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहराला जातात, त्यामुळे टोकं कोणतीही निवडली तरी कंपनी एकच राहते.

फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला बदलून पुढे रोमला गेलात, तर शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, पासपोर्ट तपास तिथेच होतो. १२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपने ईईएस नावाची नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे. पहिल्या प्रवेशाला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, रांगा लांबतात. तिथे सव्वा तासाचा थांबा मला धाडसाचा वाटतो, अडीच तास तरी असावेत. दोहा किंवा दुबईवरून गेलं तर हा तपास शेवटच्या शहरात होतो. रांग कितीही लांबली तरी पुढचं विमान चुकायची धास्ती नाही.

चार माणसांचा भाव एका माणसाच्या चौपट नसतो

ही गोष्ट कळली नाही तर कुटुंबाच्या तिकिटात हजारो रुपये जातात. विमानात एकाच वर्गातल्या सीटा वेगवेगळ्या भावांच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात. समजा ५२ हजारांच्या कप्प्यात तीनच सीटा उरल्या आहेत आणि पुढचा कप्पा ६१ हजारांचा आहे. तुम्ही चार जणांचा शोध घेतला तर बहुतेक वेळा चारही सीटा ६१ हजारांनी दिसतात, कारण चौघं एकत्र बसतील असा पहिला कप्पा तोच. एकूण २ लाख ४४ हजार. तेच तीन जणांचं एक बुकिंग आणि एकाचं वेगळं केलं तर २ लाख १७ हजार. (आकडे समजायला घेतले आहेत, तुमचे वेगळे निघतील.)

म्हणून शोध नेहमी एका माणसाचा करून बघायचा, मग दोन, तीन, चार. प्रत्येक पायरीला दरडोई भाव कुठे उडी मारतो ते वहीत टिपायचं. उडी असेल तर बुकिंग फोडायचं, पण मुलं मोठ्या माणसासोबतच्या बुकिंगमध्ये ठेवायची आणि नंतर कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडल्याची नोंद करून घ्यायची. दोन-तीन हजारांचाच फरक असेल तर मी फोडत नाही. विमान रद्द झालं तर एक जण एका विमानात आणि तिघं दुसऱ्यात असा तमाशा नको.

'इनकॉग्निटो विंडो उघड, मंगळवारी रात्री बघ' हे सल्ले प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरतात. मी करून पाहिलंय, हाती काही लागलं नाही. भाव हलतो तो या कप्प्यांमुळे आणि तारखेमुळे. शाळांच्या सुट्टीत, दिवाळीत आणि नाताळात मुंबईचं विमान महागच असणार. सुट्टीत जायचंच असेल तर निदान पहिला आणि शेवटचा शनिवार-रविवार टाळा. ज्यांची मुलं मोठी झाली आहेत त्यांनी सप्टेंबरचा उत्तरार्ध बघावा, हवा चांगली असते आणि भावही उतरलेले असतात.

आवडलेल्या दोन-तीन चौकटींच्या भावावर लक्ष ठेवा. मे महिन्यासाठी मी जानेवारी संपेपर्यंत निर्णय घेतो. नंतर भाव उतरेल या आशेवर बसलेल्यांना मार्चमध्ये हळहळताना पाहिलं आहे.

व्हिसा आणि तिकीट

शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं, १८० दिवसांत ९० दिवस. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, केंद्राचा सेवाआकार वेगळा. विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. मुंबईत मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम होऊन बसतं.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे. सारख्या असतील तर जिथे आधी शिरता त्या. बहिणीच्या आखणीत पॅरिसला चार आणि इंटरलाकेनला चार रात्री होत्या. प्रागहून शिरायची चौकट स्वस्त निघाली असती तर अर्ज फ्रान्सकडे, स्वित्झर्लंडकडे की चेककडे, यावर वाद घालत बसलो असतो. प्रागची एक रात्र काढून पॅरिसला दिली. पाच-चार-तीन-दोन-दोन. मग मार्ग सुलटा असो की उलटा, अर्ज फ्रान्सकडेच.

वाणिज्य दूतावासांना अर्जासोबत तिकिटाचं आरक्षण हवं असतं, पैसे भरलेलं तिकीटच हवं असं नाही. तरीही भाव हातचा जाऊ नये म्हणून मी लांब पल्ल्याचं तिकीट थोडे पैसे कापून परत मिळणारं घेतो. रद्द केल्यास किती कापतील हा आकडा पैसे भरण्याआधी शोधून लिहून ठेवायचा. मधलं स्वस्त विमान आणि रेल्वे मात्र पासपोर्टवर शिक्का बसल्यावरच.

यादीत लंडन असेल तर दोन गोष्टी. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, शेंगेनवर तिथे प्रवेश नाही. आणि ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रत्येक प्रौढ प्रवाशाच्या तिकिटात सरकारी कर असतो, भारतासारख्या अंतरासाठी इकॉनॉमीतही तो ९० पौंडांच्या घरात किंवा वर जातो. म्हणून लंडन सुरुवातीला ठेवायचं: मुंबईहून थेट लंडन, मग युरोस्टारने पॅरिस, आणि परतीचं विमान युरोपच्या मुख्य भूमीवरून. एका प्रौढामागे दहा हजारांच्या आसपास वाचतात. शिवाय शेंगेनमध्ये एकदाच शिरत असल्यामुळे सिंगल एंट्रीवरही भागतं. लंडन मध्ये घातलं की मल्टिपल एंट्री लागते आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना ती मिळेलच असं नाही.

मधलं स्वस्त विमान

रायनएअर, इझीजेट, विझ, व्ह्युएलिंग यांची तिकिटं बघून डोळे चमकतात. वीस-पंचवीस युरो! वडापाव खाऊन रोमहून व्हिएन्नाला जाऊन येऊ असं वाटतं. पण त्या भावात पाठीवरची एक छोटी पिशवी बसते, रायनएअर आणि विझला साधारण ४० × ३० × २० सेंटीमीटर. म्हणजे शाळेचं दप्तर. आपल्या तेवीस किलोंच्या बॅगेचे पैसे वेगळे, सीटचे वेगळे, आणि विमानतळावर जाऊन बॅग घेतली तर आणखी जास्त. मुलांना सवलतही बहुतेक नसते, दोन वर्षांच्या वरचं मूल म्हणजे पूर्ण तिकीट.

मग विमानतळ कुठे आहे ते बघा. 'पॅरिस बोव्हे' पॅरिसपासून जवळपास ८५ किलोमीटरवर आहे, म्हणजे लोणावळ्याला उतरवून 'आली मुंबई' म्हणण्यासारखं. 'फ्रँकफर्ट हान' तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मिलानचं बेर्गामो आणि ब्रसेल्सचं शार्लरवाही तासाभराच्या बसप्रवासाचे. सकाळी सहाच्या विमानाला तिथे पोहोचायचं तर रात्री टॅक्सी, आणि टॅक्सीच्या पैशांत दुसरं तिकीट आलं असतं.

म्हणून तुलना करताना तिकीट + बॅगा + दोन्ही बाजूंचा विमानतळाचा खर्च, चौघांचा मिळून, असा एकच आकडा काढा. आमच्या रोम–व्हिएन्नाच्या हिशेबात सर्वात स्वस्त दिसणारं तिकीट या बेरजेनंतर तिसऱ्या क्रमांकावर गेलं.

युरोपीय पासपोर्ट नसलेल्यांची कागदपत्रं काही स्वस्त कंपन्या विमानतळावर वेगळ्या काउंटरला तपासतात. ऑनलाइन चेक-इन झालं म्हणून सरळ गेटकडे धावू नका, आधी तो काउंटर शोधा. आणि ऑनलाइन चेक-इन विसरलात तर दंड तिकिटापेक्षा मोठा बसू शकतो.

नाव पासपोर्टप्रमाणे. आपल्याकडे पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही असतं. साइटवर पहिल्या नावाच्या रकान्यात दोन्ही लिहा, आडनाव वेगळं. पैसे भरताना साइटने रुपयांत भाव दाखवला तर युरो निवडा, साइटचा दर बहुधा महाग पडतो. कार्डाचं परकीय चलन शुल्क, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, तेही आधी तपासा.

खाण्याचं: हातातल्या बॅगेतलं लोणचं आणि चटणी सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थांत धरतात, शंभर मिलीलिटरच्या वर गेलं की केराची टोपली. माझी कैरीच्या लोणच्याची अख्खी बरणी अशी गेली आहे, तपासणाऱ्या बाईंना वासच आवडला नसावा. पेढे, बर्फी, तूपसुद्धा नेऊ नका, दुग्धजन्य पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे. चिवडा आणि मेतकूट खुशाल.

वेगळी तिकिटं एकाच दिवशी जोडू नका

मुंबईहून पॅरिसला सकाळी आठला उतरणार आणि वेगळ्या तिकिटाचं विमान दुपारी बाराला पकडणार, ही आखणी मी कुणालाही करू देत नाही. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही आणि पैसेही देत नाही. मध्ये किमान एक रात्र हवी. एकाच तिकिटावर असलं तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची. जून २०२५मध्ये कतारची हवाई हद्द एका संध्याकाळी काही तास बंद झाली तेव्हा दोहाकडे निघालेली अनेक विमानं वळवावी लागली. अशा वेळी कुणाच्या हातात एक तिकीट होतं आणि कुणाच्या हातात तीन, यावर सगळं ठरतं.

युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या आणि मुंबईहून निघणाऱ्या युरोपीय कंपनीच्या विमानाला युरोपचा नुकसानभरपाईचा नियम लागू होतो. विमान कंपनीच्या चुकीने तीन तासांहून जास्त उशीर झाला तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो मागता येतात. बोर्डिंग पास जपून ठेवा.

तिकिटातला पहिला तुकडा सोडून द्यायचा आणि पुढच्या शहरातून चढायचं, हा उद्योगही नको. पहिला तुकडा चुकवला की बाकी सगळं तिकीट कंपनी रद्द करते.

शोध कुठेही घ्या, पण पैसे शक्यतो विमान कंपनीच्या साइटवरच भरा. दोन वर्षांपूर्वी अठराशे रुपये वाचवायला मी एका अनोळखी साइटवरून तिकीट काढलं. कंपनीने वेळ बदलली, मधला थांबा चाळीस मिनिटांवर आला आणि मला कळलं अकरा दिवसांनी, कारण ईमेल त्या साइटला गेली होती. कंपनी म्हणे साइटला विचारा, साइटचा फोन लागेना. आठवडाभर ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत होल्डवरचं संगीत ऐकलं.

आणि तारीख. मुंबईची युरोपची विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ मे, ०२:१० असेल तर घरातून १४ तारखेच्या रात्रीच निघायचं. आमच्या इमारतीतलं एक जोडपं १५ला रात्री जेवून-खाऊन निवांत टर्मिनल दोनवर पोहोचलं होतं, विमान जाऊन वीस तास झाले होते. कॅलेंडरवर उड्डाणाची नव्हे, घर सोडायची तारीख आणि वेळ लिहा.

बहिणीचं शेवटी ठरलं ते असं: पॅरिसला शिरायचं, प्रागहून बाहेर, दोन्हीकडे दोहाला बदलून एकच तिकीट, मंगळवारी निघून गुरुवारी परत. तीन सीटा एका बुकिंगमध्ये, यजमानांची वेगळी. रोम–व्हिएन्नाला तिने शेवटी स्वस्त विमान सोडून रात्रीची रेल्वे बघितली, कारण मुलाला झोपायचा डबा हवा होता. त्याची किंमत विमान, बॅगा आणि एका रात्रीचं हॉटेल मिळून जेवढी होते त्याहून थोडी कमीच निघाली.